आवाज खाणारा हेडसेट

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची ओपीडी आटोपत आली असताना एक काकू आपल्या यजमानांना घेऊन दवाखान्यात आल्या. बरोबर त्यांचा वीस वर्षांचा नातू होता. काकू बसायच्या आधीच म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, यांचे कान तपासा. हे माझं काही ऐकतच नाहीत.’’

‘‘हीच नीट बोलत नाही. तोंडातल्या तोंडात पुटपुटते,’’ काका म्हणाले.

घरोघरी चालणारा हा संवाद माझ्या दवाखान्यातही वरचेवर होतो, म्हणून मी प्रथम कानात मळ आहे का ते पाहिले. कान स्वच्छ होते, पडदेही शाबूत होते. मग काकांच्या पाठीमागे उभे राहून मी हलक्या आवाजात विचारले, ‘‘काका, ताप येतो का?’’

‘‘साप? छे हो! तिसऱ्या मजल्यावर कुठला साप?’’

काकू आणि नातू दोघेही हसले. मी मात्र समजायचे ते समजलो. काकांना माझा आवाज येत होता, शब्द कळत नव्हता. ‘आ’, ‘ओ’, ‘ऊ’ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरदार असतात. त, स, च, फ, श ही व्यंजने मात्र वरच्या पट्टीतली आणि दुबळी असतात. वरची पट्टी गेली की ताप, साप आणि चाप हे तिन्ही शब्द सारखेच ऐकू येतात. अशा माणसाला समोरचा माणूस पुटपुटतो आहे असे अगदी प्रामाणिकपणे वाटते.

काकांची सारी नोकरी हेलिकॉप्टरच्या देखभालीत गेली होती. आपल्या नाशिककरांना विमान आणि हेलिकॉप्टर हे काही नवे नाहीत. ओझरला विमानांचा कारखाना आहे, गांधीनगरच्या तळावर लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक तयार होतात. काकांची नोकरी मात्र देशभर फिरतीची झाली आणि निवृत्तीनंतर ते इकडे स्थायिक झाले. कानतज्ज्ञांकडून ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणाचा आलेख, काढून आणला तेव्हा दोन्ही कानांची रेषा ४००० हर्ट्झच्या आसपास विहिरीसारखी खाली गेलेली दिसली. गोंगाटाने गेलेल्या कानाची ही ठरलेली खूण.

आलेख पाहून झाल्यावर नातवाने खरा प्रश्न काढला. तो वैमानिक होण्यासाठी फ्लाइंग स्कूलमध्ये निघाला होता. त्याला आवाज खाणारा हेडसेट हवा होता आणि पैसे आजोबा देणार होते. या हेडसेटची किंमत अमेरिकेत हजार डॉलरच्या वर जाते. काकांनी मला सरळच विचारले, ‘‘डॉक्टर, एवढे पैसे घातले तर याचे कान वाचतील का? तेवढं सांगा.’’

त्यांना जे सांगितले तेच आज वाचकांसाठी लिहीत आहे.

कानाचे भांडवल

आपल्या प्रत्येक आंतरकर्णात, गोगलगाईच्या शंखासारख्या वळ्यांमध्ये, सुमारे १५ हजार केशपेशी असतात. ध्वनीच्या लाटांनी त्या हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. जन्मतः मिळालेले हे भांडवल आयुष्यभर पुरवायचे असते. कोंबडीच्या कानातील नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा उगवतात, माणसाच्या उगवत नाहीत. गेलेली पेशी परत आणणारे औषध, इंजेक्शन वा तेल आजही उपलब्ध नाही. श्रवणयंत्र आवाज मोठा करते, पण मूळचा कान देऊ शकत नाही.

आवाज मोजायचे एकक डेसिबल. हे माप साध्या बेरजेने वाढत नाही. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दुप्पट होते, दहा वाढले की दहापट. अमेरिकेतील व्यवसाय आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास काम करावे. ८८ डेसिबल असेल तर चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास आणि १०० डेसिबल असेल तर अवघी पंधरा मिनिटे. साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. पंख्याच्या छोट्या प्रशिक्षण विमानात साधारण ९० ते १०० डेसिबल आवाज असतो, आणि हेलिकॉप्टरमध्ये प्रकारानुसार त्याहूनही थोडा अधिक. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. पंधरा मिनिटांचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवला तर उघड्या कानांनी हे २०० तास काढण्याचा अर्थ ध्यानात येईल. म्हणूनच कॉकपिटमध्ये कानावर काही ना काही असतेच. प्रश्न फक्त काय असावे, एवढाच आहे.

झोपाळ्याचे उदाहरण

नेहमीचा इअरमफ म्हणजे कानावर घट्ट बसणारी, आतून फोम लावलेली वाटी. ती भिंतीसारखी आवाज अडवते. मात्र ही भिंत बारीक, किनरा आवाज चांगला अडवते आणि घुमणारा, ढोल्या आवाज बराचसा आत येऊ देते. शेजारी गाणे लावले तर भिंतीतून शब्द येत नाहीत, नुसता ‘धम् धम्’ येतो, तसेच हे. दुर्दैवाने विमानाच्या पंख्याचा आवाज नेमका ढोल्या असतो. दोन पात्यांचा पंखा मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ४० फेरे आणि ८० तडाखे होतात. म्हणजे मूळ स्वर ८० हर्ट्झचा. हेलिकॉप्टरच्या मोठ्या पात्यांचा त्याहूनही खालचा.

या ढोल्या आवाजावर नवा हेडसेट उतारा काढतो. वाटीच्या आत एक छोटा मायक्रोफोन असतो. तो आत शिरलेला आवाज टिपतो. इलेक्ट्रॉनिक मंडल त्याची बरोबर उलटी लाट तयार करते आणि आतला स्पीकर ती सोडतो. मूळ लाटेचा उंचवटा आणि उलट्या लाटेचा खळगा एकत्र आले की दोन्ही विरतात. यालाच ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन, थोडक्यात एएनसी म्हणतात.

नातवाने विचारले, ‘‘डॉक्टर, म्हणजे आणखी एक आवाज कानात घालायचा. मग कानावरचा भार वाढणार नाही का?’’ प्रश्न चांगला होता. त्याला मी झोपाळ्याचे उदाहरण दिले. झोपाळा आपल्याकडे येत असताना समोरून बरोबर वेळेला हात लावला तर तो मंदावतो. हाताचा जोर लागला म्हणून झोका वाढत नाही. पण हात लावण्याची वेळ चुकली, तर मात्र तोच हात झोका वाढवतो.

या यंत्राची ताकद आणि मर्यादा दोन्ही त्या ‘बरोबर वेळेत’ आहेत. १०० हर्ट्झच्या आवाजात एक झोका सेकंदाच्या शंभराव्या भागात होतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दृष्टीने एवढा वेळ भरपूर झाला. ४००० हर्ट्झचा झोका सेकंदाच्या चार हजाराव्या भागात संपतो. तिथे उलटी लाट जुळवणे कठीण. म्हणून एएनसीचा मुख्य परिणाम पाचशे ते हजार हर्ट्झच्या खाली होतो. तिथे ते साध्या वाटीवर आणखी १० ते २० डेसिबलची भर घालते. त्याच्या वरच्या पट्टीत सारी मदार जुन्या, बिनविजेच्या वाटीवरच असते.

पन्नास वर्षे थांबलेली कल्पना

ही कल्पना काही कालची नाही. पॉल ल्युएग या जर्मन संशोधकाला आवाजाने आवाज विझवण्याच्या पद्धतीचे अमेरिकन पेटंट १९३६ साली मिळाले. परंतु इतक्या चपळाईने उलटी लाट बनवणारी साधने तेव्हा नव्हती. १९५० च्या दशकात लॉरेन्स फोगेल यांनी हेलिकॉप्टर आणि विमानाच्या कॉकपिटसाठी या तत्त्वावर पेटंटे घेतली. पुढची कथा आपल्याला जवळची वाटेल. अमर बोस हे अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक. त्यांचे वडील बंगालचे क्रांतिकारक, इंग्रजांच्या ससेमिऱ्यामुळे अमेरिकेला गेलेले. १९७८ साली स्वित्झर्लंडहून बोस्टनला परतताना विमानात मिळालेला हेडफोन त्यांनी कानाला लावला, आणि इंजिनाच्या घरघरीत संगीत काही लागेना. तेव्हा आकाशातच त्यांनी कागदावर आकडेमोड सुरू केली.

त्यानंतरही हातात यंत्र यायला वर्षे लागली. डिसेंबर १९८६ मध्ये डिक रुटन आणि जीना येगर या दोघांनी ‘व्हॉयेजर’ विमानातून कुठेही न उतरता, वाटेत इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. चिंचोळ्या जागेत, इंजिनांच्या सतत आवाजात काढलेले ते नऊ दिवस. त्यांचे कान वाचवण्यासाठी बोस यांच्या कंपनीने बनवलेले एएनसीचे प्रायोगिक हेडसेट त्यांच्याजवळ होते. १९८९ साली असा हेडसेट वैमानिकांसाठी बाजारात आला. जर्मनीतील सेनहायझर कंपनीही याच दशकात लुफ्तान्साच्या वैमानिकांसाठी असे काम करीत होती. आज हवाई प्रवासी कानाला लावतात ते हेडफोन म्हणजे याच यंत्राची पुढची भावंडे.

खरा फायदा कुठे?

माझ्या मते या हेडसेटचा सर्वांत मोठा फायदा त्याच्या जाहिरातीत दिसत नाही. ढोल्या आवाजाचा एक अवगुण असा की तो आपल्यापेक्षा वरच्या पट्टीतल्या आवाजांना झाकून टाकतो. घरघर मोठी असली की रेडिओवरचे बोलणे, विशेषतः ती त, स, च ही दुबळी व्यंजने, त्यात बुडतात. मग वैमानिक काय करतो? रेडिओचा आवाज वाढवतो. म्हणजे बाहेरच्या आवाजापासून वाचण्यासाठी लावलेल्या वाटीतूनच तो स्वतःच्या कानावर मारा करून घेतो. एएनसीने घरघर कमी झाली की हाच रेडिओ हलक्या आवाजात स्पष्ट ऐकू येतो. सूचना पुन्हा विचारावी लागत नाही, उतरल्यावर डोके भणभणत नाही. मात्र नवा हेडसेट आणूनही जो माणूस रेडिओची कळ जुन्या सवयीने पूर्वीइतकीच पिळून ठेवतो, त्याने हा फायदा अर्धा घालवला.

काही जणांना धास्ती वाटते की आवाज गेला तर इंजिनातला बिघाड कसा कळणार? आवाज पूर्ण नाहीसा होत नाही. त्याचा पोत बदलतो, आणि वरच्या पट्टीतल्या धोक्याच्या सूचना उलट अधिक मोकळ्या ऐकू येतात. तरी पहिली काही उड्डाणे प्रशिक्षकासोबत करून या नव्या आवाजाची सवय करून घ्यावी. काहींना सुरुवातीला कान दाटल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात कानातला हवेचा दाब बदललेला नसतो, आणि बहुतेकांची ही भावना सवयीने जाते.

काकांची चूक

मी काकांना विचारले, ‘‘तुमच्या वेळी मफ नव्हते का?’’ ते म्हणाले, ‘‘होते की. आम्ही लावायचो. फक्त कुणी हाक मारली की एक बाजू वर सरकवायची, बोलायचं, परत लावायची. दिवसातून दहा वेळा. दोन-चार मिनिटांनी काय होतंय!’’

काकांच्या कानांचे उत्तर याच वाक्यात आहे. समजा ३० डेसिबल अडवणारा उत्तम मफ आठ तासांच्या कामात निम्मा वेळ काढून ठेवला, तर दिवसाकाठचे संरक्षण १५ डेसिबल होत नाही, जेमतेम ३ डेसिबल होते. एकूण वेळेच्या फक्त दहाव्या हिश्श्याला, म्हणजे ४८ मिनिटे काढला, तरी ते १० डेसिबलच्या वर जात नाही. कारण आपण पाहिले त्याप्रमाणे उघड्या कानाची थोडी मिनिटेच सारा हिशेब खाऊन टाकतात. छत्री उत्तम असून भागत नाही, पाऊस थांबेपर्यंत ती उघडी ठेवावी लागते. लाखाचा हेडसेट गळ्यात अडकवून चालत्या इंजिनाजवळ उभा राहिलेला माणूस आणि काहीच न लावलेला माणूस, कानाच्या दृष्टीने दोघे सारखेच.

‘फिट’ म्हणजे शाबूत नव्हे

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ‘‘पण डॉक्टर, नोकरीत दर वेळी मी मेडिकल फिट होतो.’’ यात खोटे काही नसावे. वैमानिकांचेच उदाहरण घ्या. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या निकषानुसार पहिल्या वर्गाच्या तपासणीत ५००, १००० आणि २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा, तर ३००० हर्ट्झला ५० डेसिबलपेक्षा अधिक श्रवणदोष नसावा असे आहे. परंतु गोंगाटाने होणारी पहिली इजा ४००० च्या आसपास होते, आणि तो आकडा या यादीत नाही. ही तपासणी माणूस विमान चालवायला योग्य आहे का ते सांगते. त्याचा कान झिजू लागला आहे का, हा प्रश्न ती विचारतच नाही. म्हणून शेरा ‘फिट’ असला तरी आलेखाची प्रत मागून घ्यावी आणि ४००० ची रेषा दरवर्षी मागच्या आलेखाशी ताडून पाहावी.

उड्डाणानंतर कानात गुणगुण होणे, थोडा वेळ बधिर वाटणे, ही कानाची तक्रार असते. दुसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून आपण ती विसरतो. २००९ साली हार्वर्डच्या दोन संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगात दाखवले की मोठ्या आवाजानंतर श्रवण वरकरणी पूर्ववत झाले तरी केशपेशी आणि चेतातंतू यांमधील कित्येक जोडण्या कायमच्या तुटलेल्या असतात. उंदरांचे सारे माणसाला लागू होतेच असे नाही. तरीही कानात गुणगुण होणे ही पहिली घंटा समजावी, हे मी प्रत्येक रुग्णाला सांगतो.

काय करावे, काय टाळावे

१. प्रशिक्षणाचे पहिले उड्डाण करण्यापूर्वीच ऑडिओग्राम काढून जपून ठेवावा. पुढच्या साऱ्या तुलना त्याच्याशीच करायच्या असतात.

२. वाटी कानाभोवती सर्व बाजूंनी चिकटली पाहिजे. चष्म्याची जाड काडी, केसांची बट, टोपीची कड यांनी फट पडते आणि त्या फटीतून ढोल्या आवाज आत येतो. चष्मा असल्यास बारीक काड्यांचा घ्यावा. गादी कडक झाली वा चिरली की बदलावी.

३. हेडसेट घेताना एएनसीची कळ बंद करूनही कानाला लावून पाहावा. बॅटरी हवेत संपली तर उरणारे संरक्षण तेवढेच असते. उड्डाणापूर्वी बॅटरी तपासण्याची सवय ठेवावी.

४. रेडिओची कळ बोलणे जेमतेम स्पष्ट होईल इतकीच ठेवावी.

५. जमिनीवर जेट इंजिनाजवळ काम करणाऱ्यांना मुख्य त्रास तीव्र, किनऱ्या आवाजाचा असतो. तिथे चांगला साधा मफ, गरज पडल्यास त्याखाली फोमचा बोळा, हेच उपयोगी. मात्र दोन्हींची बेरीज होत नाही. दुसऱ्या साधनाने पाच डेसिबलच्या आसपास भर पडते. फोमचा बोळा बोटांनी वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढून आत सरकवावा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरावा. नुसता कापसाचा बोळा संरक्षण देत नाही.

६. बंदुकीचा वा फटाक्याचा बार एएनसी विझवू शकत नाही. तो क्षणात येऊन जातो आणि उलटी लाट मागे राहते.

७. गाणी ऐकण्याचे एएनसी हेडफोन म्हणजे श्रवणरक्षक नव्हेत. ते लावून ट्रॅक्टर, ग्राइंडर किंवा पिठाच्या गिरणीवर काम करणारी तरुण मुले मी पाहतो. गोंगाट शांत वाटतो, पण वरच्या पट्टीतला मारा चालूच राहतो. अशा कामाला संरक्षणाचा आकडा छापलेला मफ घ्यावा. तो बराच स्वस्तही असतो. आणि एएनसी लावून दुचाकी चालवणे म्हणजे मागचा हॉर्न स्वतःहून बंद करणे होय.

काकांना मी उत्तर दिले ते असे, ‘‘हेडसेट घ्या. पैसे वाया जाणार नाहीत. पण तो विकत घेतल्याने कान वाचत नाहीत. इंजिन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत कानावर राहिला आणि रेडिओ हळू ठेवला, तर वाचतील.’’ नातवाकडे वळून म्हटले, ‘‘तू मात्र आधी ऑडिओग्राम काढून आण.’’

त्याने तो चार दिवसांत आणला. ४००० हर्ट्झची रेषा स्वच्छ, सरळ होती. मी त्याचा आणि आजोबांचा आलेख टेबलावर शेजारी शेजारी ठेवला. तो बराच वेळ दोन्हींकडे पाहत राहिला आणि मग दोन्हींचे मोबाइलवर फोटो काढून घेतले.

काकांनाही श्रवणयंत्र बसवले. पहिले दोन महिने ते कपाटातच होते, आता बरेचसे कानात असते. परवा काकू रक्तदाब तपासायला आल्या तेव्हा मी विचारले, ‘‘काय काकू, ऐकतात का आता?’’ त्या म्हणाल्या, ‘‘ऐकतात हो. पण चार माणसं एकदम बोलायला लागली की अजूनही गप्प बसतात.’’

श्रवणयंत्राची धाव तेवढीच. म्हणून ज्यांची ४००० ची रेषा अजून सरळ आहे, त्यांनी ती आजपासूनच सांभाळावी.